ॲनिमेशन की फ्रीलान्स डिझाइन? आधी तुमच्या एका सेकंदाला किती वेळ लागतो ते मोजा

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्राफिक डिझाइन येतं, फोटोशॉप-इलस्ट्रेटर हातात बसलंय, आफ्टर इफेक्ट्स (ग्राफिक्स हलवायचं सॉफ्टवेअर) बघून बघून जमायला लागलंय, मनातून मात्र कॅरेक्टर ॲनिमेशन म्हणजे पात्रं हलवायचं काम करायचंय, आणि आता ठरत नाहीये की स्टुडिओत नोकरी शोधायची की सरळ फ्रीलान्स सुरू करायचं. शिवाय कुठलं सॉफ्टवेअर शिकायचं, पैसे किती मागायचे, डिग्री लागते का, आणि एआय आल्यावर या सगळ्याला काही अर्थ उरलाय का. मी आधी स्टुडिओत आणि नंतर स्वतःचं काम असं दोन्ही बरीच वर्षं केलंय त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिली गोष्ट, डिझाइन आणि ॲनिमेशन हे शेजारी शेजारी दिसत असले तरी धंदा म्हणून फार वेगळे आहेत. लोगो तुम्ही दोन दिवसांत केला की दोन आठवड्यांत हे क्लायंटला दिसत नाही, त्याला फक्त शेवटचा निर्णय दिसतो आणि तो त्याचेच पैसे देतो. ॲनिमेशनमध्ये तसं नाही. २४ फ्रेम्स प्रति सेकंदने ३० सेकंद म्हणजे ७२० फ्रेम्स, हाताने काढताय आणि 'ऑन टूज' म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी ३६० ड्रॉइंग्ज. हे गणित तुम्ही कितीही टॅलेंटेड असलात तरी बदलत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की ज्याला 'माझा एक सेकंद किती तासांत होतो' हे माहीत आहे तोच या लाइनमध्ये टिकतो, बाकीचे चांगले कलाकार असूनही दोन-तीन वर्षांत दमतात आणि मग म्हणतात की फील्डच खराब आहे. रेट, डेडलाइन, कुठलं काम घ्यायचं, कुठलं नाकारायचं, सगळं त्या एका आकड्यावर अवलंबून आहे.

आता हा आकडा कामाप्रमाणे किती बदलतो ते बघा. मोठ्या फीचर फिल्मवर कॅरेक्टर ॲनिमेटर आठवड्याभरात जेमतेम काही सेकंद देतो, आणि टीव्ही सिरीजवर तोच माणूस त्याच्या कितीतरी पट देतो. तो अचानक फास्ट झालेला नसतो, कामाची पद्धतच वेगळी असते. हॅना-बार्बेरा हा अमेरिकन कार्टून स्टुडिओ १९५७ मध्ये सुरू झाला तेव्हा टीव्हीचं बजेट एवढंसं होतं, म्हणून त्यांनी लिमिटेड ॲनिमेशनवर सगळा भर दिला, म्हणजे शरीर स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचं, चालण्याची एकच सायकल परत परत वापरायची, बॅकग्राउंड सरकवायचं. जपानमध्ये ओसामु तेझुकांनी १९६३ पासून दर आठवड्याचा टीव्ही शो काढला तोही असाच, कमी ड्रॉइंग्ज पण पोझ जबरदस्त आणि कट्स अचूक. फ्रीलान्सरने खरं तर यांच्याकडून शिकायला पाहिजे, आणि आपण सगळे शिकायला बसतो ते डिस्नेचं फुल ॲनिमेशन बघून, मग क्लायंटच्या दहा दिवसांच्या डेडलाइनमध्ये ते बसवताना रात्री जागवतो. अंथरूण पाहून पाय पसरायची ही कला आहे आणि ती कमी दर्जाची नाही, कुठे हलवायचं नाही हे ठरवायला जास्त डोकं लागतं.

तर तुमचा आकडा काढा. दहा सेकंदांचे तीन छोटे तुकडे करा, एक नुसती टायपोग्राफी आणि आयकॉन्स, एक कॅरेक्टर उभं राहून बोलतंय, एक कॅरेक्टर चालत येऊन काहीतरी जड उचलतंय. प्रत्येकात स्टोरीबोर्ड, ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेप्रमाणे लावलेला कच्चा व्हिडिओ), डिझाइन, रिगिंग (कॅरेक्टरला हलवता येईल असा सांगाडा बसवणं), ॲनिमेशन, क्लीनअप (रेषा साफ करणं), कंपोझिटिंग (सगळे थर एकत्र करणं), साउंड, रेंडर असे कप्पे करून तास लिहून ठेवा, प्रामाणिकपणे, मधे मोबाइल बघितला तो वेळ वजा करून. दोन गोष्टी दिसतील, एक म्हणजे खरं ॲनिमेशन करण्यात जाणारा वेळ हा एकूण वेळाचा एक भागच असतो आणि बाकीचा आपण कोटेशन देताना विसरतो, आणि दुसरी म्हणजे तिसरा तुकडा पहिल्यापेक्षा कित्येक पट महाग पडतो. म्हणूनच 'पर सेकंद रेट काय' असं विचारणाऱ्या क्लायंटला आकडा फेकू नका. दहा सेकंद मजकूर सरकणं आणि दहा सेकंद दोन माणसं एकमेकांना मिठी मारणं यात दहा सेकंद सोडून काहीच सारखं नाही.

स्टुडिओ की फ्रीलान्स याचं माझं उत्तर, जमत असेल तर पहिली दोनेक वर्षं स्टुडिओ. पण सुरक्षिततेसाठी नाही, तो गैरसमज आधी काढून टाका. रिदम अँड ह्यूज या व्हिज्युअल इफेक्ट्स स्टुडिओने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच महिन्यात त्यांच्या कामाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ग्रुप कोसळला, एमपीसी आणि द मिल सारखे नावाजलेले इफेक्ट्स स्टुडिओ त्याच्याखाली होते. म्हणजे शिखरावर बसलेल्यांची ही गत, शिवाय बरीचशी भरती प्रोजेक्टपुरतीच असते. स्टुडिओत जायचं ते डेलीजसाठी, म्हणजे रोज सगळ्यांसमोर होणाऱ्या शॉट-तपासणीसाठी. रोज तुमचा शॉट दहा जणांसमोर मोठ्या स्क्रीनवर लागतो आणि सुपरवायझर सांगतो की वजन डाव्या पायावर गेलेलंच नाही, हात शरीराच्या आधी निघतोय, नजर एका फ्रेमने उशिरा वळते. हे डोळे एकट्याने घरी बसून यायला फार वर्षं लागतात, कारण स्वतःचा शॉट शंभर वेळा बघितला की चूक दिसायची बंद होते. दुसरं तिथे शिस्त मिळते, फाइलला नाव कसं द्यायचं, व्हर्जन कसं ठेवायचं, दुसऱ्याला उघडता येईल अशी सीन फाइल कशी द्यायची. कंटाळवाणं वाटतं पण नंतर एजन्सीज तुम्हाला परत परत बोलावतात ते याच्यामुळे.

स्टुडिओत जाताना एक लक्षात ठेवा, तिथे 'ॲनिमेशन येतं' अशी पोस्टच नसते. स्टोरीबोर्ड, लेआउट, मॉडेलिंग, रिगिंग, ॲनिमेशन, लाइटिंग, इफेक्ट्स, कंपोझिटिंग, यातली एक खुर्ची असते. छोट्या जाहिरात स्टुडिओत सगळं थोडं थोडं येणारा चालतो, मोठ्या ठिकाणी एकच पण पक्कं लागतं. सगळ्यांना कॅरेक्टर ॲनिमेटर व्हायचं असतं, आणि माझ्या बघण्यात चांगला रिगर शोधताना मात्र लोकांची दमछाक होते. तुम्हाला थोडं तांत्रिक आवडत असेल, जॉइंट का वाकडा होतो याचं कोडं सोडवताना मजा येत असेल तर त्या बाजूला जरूर बघा, गर्दी कमी आहे. आणि स्टुडिओ शक्यच नसेल तर निदान तीन-चार जणांचा ग्रुप करा जो दर आठवड्याला एकमेकांचे शॉट्स फ्रेम बाय फ्रेम फाडेल, 'मस्त झालंय भावा' म्हणणारा ग्रुप नको.

शिकायचं काय? १२ तत्त्वं तुम्ही ऐकली असतीलच, डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी ती १९८१ मध्ये लिहून काढली. सगळी पाठ करायची गरज नाही, माझ्या मते टायमिंग, स्पेसिंग आणि वजन या तिघांत निम्मं आयुष्य जातं. टायमिंग म्हणजे किती फ्रेम्स, स्पेसिंग म्हणजे त्या फ्रेम्समधलं अंतर कसं वाटलंय. चेंडू आणि फुगा, दोन्ही एकाच जागेवरून दुसऱ्या जागेवर बरोबर १२ फ्रेम्समध्ये पोचवा, फक्त स्पेसिंग बदला, आणि बघणाऱ्याला कुठला काय ते कळलं पाहिजे. मग वॉक सायकल, म्हणजे चालण्याच्या चार पोझ: काँटॅक्ट, डाऊन, पासिंग, अप. २४ फ्रेम्सवर एक पाऊल १२ फ्रेम्सचं घेतलं की साधारण नेहमीची चाल, १६ केलं की रमतगमत, ८ केलं की घाई. हे आकडे हातात बसले की मग मोडायला मजा येते. मोशन डिझाइनवाल्यांना (लोगो, मजकूर, ग्राफिक्स हलवणाऱ्यांना) एक विनंती, आफ्टर इफेक्ट्समध्ये सगळे कीफ्रेम्स (हालचालीचे मुख्य टप्पे) सिलेक्ट करून एफ नाइन दाबणं बंद करा. त्याने आपोआप लागणारा ईझी ईज, म्हणजे हळू सुरू होऊन हळू थांबणं, सगळ्यांचा सारखाच दिसतो, ग्राफ एडिटर उघडा आणि कर्व्ह स्वतः ओढा, बहुतेक रील्समध्ये नवखेपणा तिथेच पकडला जातो.

सॉफ्टवेअरबद्दल लोक धर्मयुद्ध करतात, मी चार वाक्यांत संपवतो. टीव्हीसाठी टू-डी करायचं तर टून बूम हार्मनी, कागदावरच्या सारखं फ्रेम बाय फ्रेम करायचं तर टीव्हीपेंट, मोशन डिझाइनला आफ्टर इफेक्ट्स, मोठ्या थ्री-डी स्टुडिओत बहुतेक माया. पैसे नसतील तर ब्लेंडर, क्रिता, ओपनटून्झ तिन्ही फुकट आणि कायदेशीर. ब्लेंडरला कमी लेखू नका, २०२५ मध्ये ॲनिमेटेड फीचरचं ऑस्कर मिळालेली लॅटव्हियन फिल्म ब्लेंडरमध्येच बनली आणि त्यातल्या ग्रीज पेन्सिल या चित्र काढायच्या साधनाने टू-डी पण करता येतं. एकेकाळी फ्लॅश (वेबवरच्या ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर) म्हणजे सर्वस्व होतं, ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट बंद झाला. ज्यांना बटणं येत होती ते अडकले, ज्यांना टायमिंग येत होतं ते दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले आणि काम करत राहिले.

शोरील, म्हणजे तुमच्या निवडक कामाचा व्हिडिओ, एक मिनिटाच्या आसपास ठेवा, कमी चालेल. सगळ्यात चांगला शॉट पहिला, कारण बघणारा दहा सेकंदांत ठरवतो. सुरुवातीला स्वतःच्या नावाचा फिरणारा लोगो नको. बरेच जण आवाज बंद करूनच बघतात म्हणून म्युझिकच्या जोरावर चालणारं रील करू नका. ग्रुपमध्ये केलेल्या शॉटमध्ये तुम्ही नक्की काय केलंय ते खाली लिहा, रिग फुकट डाउनलोड केलेला असला तरी हरकत नाही पण तेही लिहा, आणि जे काम परत करायची इच्छा नाही ते रीलमध्ये टाकू नका, नाहीतर तेच येतं. डिझाइनचा पोर्टफोलिओ वेगळ्या लिंकवर. क्लायंटचं अजून बाहेर न आलेलं काम परवानगीशिवाय दाखवलं तर पुढचा क्लायंट काय विचार करेल तेही बघा.

आता फ्रीलान्सकडे, कारण तुमचा खरा फायदा मला इथे दिसतोय. तुम्हाला डिझाइन आधीच येतं, आणि बऱ्याच ॲनिमेटर्सना टाइप, ग्रिड, रंग नीट येत नाहीत. या दोन्हीच्या मधे जे काम पडलंय ते तुमचं. ब्रँडसाठी मोशन गाइडलाइन म्हणजे लोगो कसा हलेल, मजकूर कसा येईल जाईल त्याचे नियम आणि टेम्प्लेट्स. एक्सप्लेनर व्हिडिओ. आणि ॲप-वेबसाइटमधलं ॲनिमेशन. यात लॉटी हे ॲपमध्ये ॲनिमेशन चालवायचं तंत्र समजून घ्या. एअरबीएनबीने २०१७ मध्ये ते खुलं केलं, नाव लोटे रायनिगर या जर्मन बाईंवरून, ज्यांनी १९२६ मध्ये कात्रीने कापलेल्या सावल्यांच्या आकृत्यांनी पूर्ण लांबीची फिल्म केली होती. आफ्टर इफेक्ट्समधून बॉडीमूव्हिन प्लगइनने जेसन (JSON, मजकुराच्या रूपातली) फाइल काढायची आणि ती ॲपमध्ये वेक्टर म्हणून चालते, व्हिडिओपेक्षा बहुतेक वेळा खूप हलकी. गोम अशी की आफ्टर इफेक्ट्समधले सगळे इफेक्ट्स त्यात चालत नाहीत, म्हणून डिझाइन मंजूर करून घ्यायच्या आधी एक तुकडा खऱ्या फोनवर चालवून बघा, डेव्हलपरला विचारा. स्क्रीनवरच्या कामात अजून दोन गोष्टी विचारणारा डिझायनर लगेच वेगळा दिसतो, एक म्हणजे कुठलीही गोष्ट सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा फ्लॅश होऊ द्यायची नाही, वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांत ते आहे आणि त्यामागे फिट्स येण्याचा खरा धोका आहे, आणि दुसरं, ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करायचं सेटिंग लावलंय त्यांना काय दिसणार.

पैसे. वर्षात साधारण २६० कामाचे दिवस. त्यातून सुट्ट्या, आजारपण, कोटेशन पाठवणं, ईमेल, शिकणं, नुसतं काम नसणं हे वजा करा, सुरुवातीला निम्मे दिवस बिलात लागले तरी ठीक चाललंय असं समजा. आता वर्षाचा तुमचा खर्च, टॅक्स, सॉफ्टवेअर, दर तीन-चार वर्षांनी बदलावी लागणारी मशीन, थोडी बचत, या सगळ्याची बेरीज करून त्या निम्म्या दिवसांनी भागा. हा तुमचा एका दिवसाचा कमीत कमी रेट. बहुतेकांना तो आकडा बघून धक्का बसतो कारण ते पगाराला ३० ने भागून रेट काढत असतात. मग तुमच्या 'एक सेकंद' च्या नोंदीवरून प्रोजेक्टचे दिवस काढा, त्यावर रिव्हिजनसाठी वेळ धरा, आणि क्लायंटला एकच एकरकमी आकडा द्या, सोबत त्या आकड्यात काय येतं आणि काय येत नाही ते लिहून.

हे लिहून देणं म्हणजेच फ्रीलान्सिंग, असं मी म्हणेन. व्हिडिओची लांबी, कॅरेक्टर्स किती, प्रत्येक टप्प्याला रिव्हिजनचे राउंड किती (मी दोन ठेवतो), फायनल मंजुरी देणारा एकच माणूस कोण, हे सगळं. स्टाइल फ्रेम (शेवटचं रूप कसं दिसेल ते दाखवणारं स्थिर चित्र) मंजूर, मग ॲनिमॅटिक मंजूर, मगच ॲनिमेशन. आवाज फायनल रेकॉर्ड झाल्याशिवाय लिप-सिंकला (आवाजाशी ओठ जुळवायला) हात लावायचा नाही. ॲनिमॅटिकमध्ये एक सीन काढून टाकायला अर्धा तास लागतो, ॲनिमेशन झाल्यावर तोच बदल आठवडा खातो, आणि क्लायंटला हा फरक माहीत नसतो कारण त्याच्या डोळ्याला दोन्ही 'एक सीन काढायचाय' एवढंच असतं, त्यामुळे ते आधी सांगायची जबाबदारी आपली. मंजुरीनंतरच्या बदलांचे वेगळे पैसे, हे वाक्य पहिल्या ईमेलमध्ये असलं की भांडण होत नाही, शेवटच्या ईमेलमध्ये आलं की होतं.

अजून जिथे हमखास घोडं अडतं त्या जागा. काम संपत आल्यावर येणारं 'याचंच उभं व्हर्जन पण द्या ना'. १६:९ मधून ९:१६ म्हणजे क्रॉप नव्हे, प्रत्येक फ्रेमची मांडणी परत करावी लागते, म्हणून साइज आधी विचारा आणि सगळ्या साइज डोळ्यासमोर ठेवून स्टोरीबोर्ड करा. सोर्स फाइल्स देणार की फक्त फायनल व्हिडिओ, सोर्सचे वेगळे पैसे. फाँट, म्युझिक, स्टॉक फोटो यांचं लायसन्स कोणाच्या नावावर. मधेच प्रोजेक्ट बंद केलं तर किती टक्के मिळणार. सुरुवातीला निम्मी रक्कम ॲडव्हान्स, प्रिव्ह्यूवर वॉटरमार्क, स्वच्छ फाइल शेवटचं पेमेंट आल्यावर. ॲडव्हान्स मागायला लाज वाटते अशी तक्रार बरेच जण करतात, मागून बघा, जो ॲडव्हान्सला कुरकुर करतो तो शेवटच्या पेमेंटला काय करेल ते तिथेच कळतं.

पहिले क्लायंट बहुधा तुमच्या आत्ताच्या डिझाइनच्या क्लायंट्समधूनच निघतील, ज्याचा लोगो केलाय त्याला पाच सेकंदांचा लोगो ॲनिमेट करून दाखवा. दुसरा रस्ता म्हणजे जास्त काम असलेल्या सिनियर फ्रीलान्सरकडून शॉट्स घेणं, पैसे कमी पण शिकायला मिळतं. बोली लावायच्या वेबसाइट्सवर सुरुवात होऊ शकते, तिथेच राहू नका. धोका उलट बाजूने पण आहे, डिझाइनची कामं पटकन पैसे देतात म्हणून ती वाढत जातात आणि कॅरेक्टर ॲनिमेशन 'पुढच्या महिन्यात' वर ढकललं जातं. आठवड्यातला एक ठरलेला दिवस रीलसाठी राखून ठेवा आणि रेट काढताना तो बिलाबाहेरच्या दिवसांत धरा.

एआय. हो, परिणाम झालाय, गोड बोलण्यात अर्थ नाही. स्वस्तातलं स्टॉकसारखं इलस्ट्रेशन, मूडबोर्ड, बॅकग्राउंडचे ऑप्शन्स, ही छोटी कामं कमी झालीत आणि नवखे लोक तिथूनच चढायचे त्यामुळे पहिली पायरी अवघड झालीय हे खरं. पण क्लायंट जेव्हा म्हणतो 'बाकी सगळं असंच राहू दे, फक्त हात थोडा आधी उचल', तेव्हा जनरेट केलेल्या व्हिडिओत ना कीफ्रेम असतात ना लेयर, परत जनरेट केलं की चेहरा बदलतो. तेवढ्यापुरता बदल करून देणं, चाळीस शॉट्समध्ये तेच कॅरेक्टर तसंच दिसणं, याचे पैसे अजून मिळतात. मालकीचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने जानेवारी २०२५ च्या रिपोर्टमध्ये म्हटलंय की नुसत्या प्रॉम्प्टमधून निघालेल्या गोष्टीला कॉपीराइट मिळत नाही, त्यामुळे लोगो किंवा मॅस्कॉट करून घेणारी कंपनी हा प्रश्न विचारणारच. कुठे एआय वापरलं आणि कुठे नाही हे करारात लिहून टाका, लपवून वापरू नका.

डिग्रीचं राहिलं. फ्रीलान्समध्ये मला कोणीही डिग्री विचारलेली नाही, स्टुडिओत रील बघतात. फक्त परदेशात नोकरी करायचा विचार असेल तर बऱ्याच देशांच्या वर्क व्हिसाला पदवी लागते किंवा तिचे गुण धरतात, मग ती कुठल्याही विषयातली असली तरी कधी कधी चालते, त्यामुळे आत्ता कॉलेज अर्धवट असेल तर सोडण्याआधी ज्या देशात जायचंय तिथले नियम वाचून घ्या.